दोन सायकली, एक पंप

पुण्यात उभा जन्म सायकलवर काढलेल्या माणसाला चढणीचे भय ते काय, असा माझा समज होता. भूमध्य समुद्रातल्या कॉर्सिका बेटाने दोन दिवसांत तो साफ घालवला.

नोकरीतून मोकळा झाल्यावर सौ.ने आणि मी ही सहल ठरवली. मे महिन्यात नीसहून बोटीने बास्तियाला गेलो आणि तिथून चिमुकल्या आगगाडीने काल्व्हीला. तिथे सायकली घेतल्या. पश्चिम किनाऱ्याने आजाक्सियोपर्यंत दीडशेच्या आसपास किलोमीटर! हाताशी पाच दिवस. नकाशावर रस्ता समुद्राला बिलगून जातो, म्हणजे तो सपाटच असणार, असे मी सौ.ला ठासून सांगितले होते.

प्रत्यक्षात कॉर्सिका म्हणजे समुद्रातून वर आलेला डोंगरच. सर्वांत उंच शिखर २७०६ मीटरांचे. रस्ता घाट चढतो, नदीच्या मुखाशी उतरतो आणि लगेच पुन्हा चढू लागतो. त्यातून फ्रान्समध्ये वाहने उजव्या हाताने चालतात. आम्ही दक्षिणेकडे निघालेलो, तेव्हा समुद्राचा कडा नेमका आमच्याच बाजूला. कठडा गुडघ्याएवढा, कुठे तोही नाही.

“अहो, आजाक्सियोहून इकडे आलो असतो, तर डोंगराच्या कडेने गेलो असतो,” सौ. म्हणाली. निघण्यापूर्वीही ती हेच म्हणाली होती. मी तेव्हाही ऐकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी गालेरियाहून पोर्तोला निघालो. मध्ये पाल्मारेलाची खिंड, चारशे मीटरांहून थोडी उंच. उन्हाने तापलेल्या झुडपांचा उग्र, गोड वास सगळीकडे भरला होता. या झुडपांना तिथे ‘माकी’ म्हणतात. नेपोलियन म्हणे, नुसत्या या वासावरून आपली जन्मभूमी ओळखीन असे म्हणत असे. मला चढाची लय सापडली आणि मी पुढे निघून गेलो.

खिंडीत पोहोचलो. खाली निळेशार गिरोलाताचे आखात. तिथल्या गावाला अजूनही मोटाररस्ता नाही. जायचे तर बोटीने, नाही तर पायी. किनाऱ्यावर जिनोवाच्या राजवटीतले बुरूज दिसतात. चाचांची गलबते दिसली की दिवसा धूर आणि रात्री जाळ करून एक बुरूज दुसऱ्याला खबर देई. मी फोटो काढले, पाणी प्यालो, वाट पाहिली. पंधरा मिनिटे झाली, अर्धा तास झाला. सौ.चा पत्ता नाही.

मग मात्र पोटात गोळा आला. तो बुटका कठडा डोळ्यांसमोर नाचू लागला. सायकल वळवली आणि उताराने खाली सुटलो. प्रत्येक वळणावर आधी कड्याखाली पाहत होतो.

चौथ्या वळणावर ती दिसली. दगडावर शांतपणे बसली होती. मागचे चाक बसलेले, शेजारी तीन शेळ्या. पंप, ठिगळे, पाने, सारे माझ्या पिशवीत!

मी मुकाट्याने पंक्चर काढायला बसलो. ती रागावली नाही, एवढेच म्हणाली, “तुम्ही पुढे जाता याचं मला काही नाही. पण पंप तुमच्याकडे आहे, तर मागे वळून पाहायला नको?”

यावर काय बोलणार? पोर्तोच्या खानावळीत ब्रोच्चू चीज घातलेले आम्लेट आले. ते अर्ध्याहून अधिक मी तिच्या ताटात वाढले. ती हसली, तेव्हा जेवण घशाखाली उतरले.

तिसऱ्या दिवसापासून सौ. पुढे, मी मागे. पियानाजवळ ‘कालांश’चे तांबडे ग्रॅनाइटचे सुळके समुद्रातून सरळ वर चढलेले आहेत. त्यांतून रस्ता वाट काढत जातो. ती थांबे तिथे मीही थांबे, म्हणून तर वाऱ्याने कोरलेल्या त्या दगडांत मला कुत्रा दिसला, म्हातारा दिसला. पुढे कार्जेजला ग्रीक आणि लॅटिन पंथांची दोन देवळे समोरासमोर उभी. ग्रीक निर्वासितांच्या वंशजांनी वसवलेले हे गाव. मधल्या बाकावर आम्ही तासभर बसलो. पुढे जायची घाई कुणालाच नव्हती.

आजाक्सियोत नेपोलियनचे घर पाहिले. त्याचा जन्म १७६९ चा. आदल्याच वर्षी जिनोवाने हे बेट फ्रान्सच्या हवाली केले होते. युरोप जिंकायला निघालेला तो गृहस्थ किती वेळा मागे वळून पाहत असेल, असे मनात आले. सौ.जवळ मात्र बोललो नाही.

आता पुण्यात रविवारी सकाळी आम्ही सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जातो. पंप तिच्या पिशवीत असतो.