रात्रीच्या गाडीने जावे का?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात पंधरा दिवस एकाच प्रश्नावर चर्चा चालली होती. मुलीने बारावीनंतर दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला होता आणि केंद्र दिल्लीतच निवडले होते. अभ्यास तिचा ती करत होती. आमच्यापुढे प्रश्न होता तो जाण्याचा. नगरहून दिल्ली चौदाशे किलोमीटरच्या वर. बरोबर अम्मी येणार, वय बहात्तर, गुडघे दुखतात. "मरण्याआधी जामा मशीद एकदा डोळ्यांनी पाहू द्या," असे त्या दहा वर्षे म्हणत होत्या. मग विमान, रेल्वे की जायचेच नाही?

आपल्या नगर जिल्ह्याची सवय एसटीची आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सची. पुणे, मुंबई, संभाजीनगर, सगळीकडे रस्त्यानेच जायचे. रेल्वेस्थानक आहे, पण ते पाहुण्यांना सोडायला जाण्याची जागा. आम्ही दोघे शिक्षक. कॉलेजच्या दिवसांत महाराष्ट्र एक्सप्रेसने एकदा नागपूरला गेलो होतो, तेवढीच आमची रेल्वेतली रात्र. शाळेत मुलांना नकाशात लोहमार्ग दाखवणाऱ्यांची ही अवस्था!

खरे तर आपला दौंड-मनमाड मार्ग जुना आहे. १८७८ मध्ये तो सुरू झाला आणि दक्षिणेला उत्तरेशी जोडणारा दुवा बनला. आज या मार्गाने कर्नाटक एक्सप्रेस आणि गोवा एक्सप्रेस दिल्लीकडे जातात, झेलम एक्सप्रेस थेट जम्मूला जाते आणि आझाद हिंद हावड्याला. म्हणजे नगरमध्ये गाडीत बसले की गाडी न बदलता दिल्ली, आग्रा, भोपाळ, नागपूर, कोलकाता गाठता येते. एवढी सोय दाराशी असून आपल्यापैकी किती कुटुंबांनी ती वापरली?

भीती कशाची?

मोकळेपणाने लिहायचे तर आमची भीती गुडघ्यांची कमी आणि दुसरीच जास्त होती. ३१ जुलै २०२३ रोजी जयपूरहून मुंबईला येणाऱ्या गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने आपल्या वरिष्ठाला आणि तीन प्रवाशांना गोळ्या घातल्या. ते तिन्ही प्रवासी मुसलमान होते. ऑगस्ट २०२४ मध्ये धुळ्याहून मुंबईला जाणाऱ्या गाडीत इगतपुरीच्या आसपास एका वृद्ध मुस्लिम प्रवाशाला सोबतच्या मांसाच्या संशयावरून मारहाण झाली. त्याची चित्रफीत प्रत्येक घरातल्या मोबाइलवर फिरली, आमच्याही. अम्मींनी ती पाहिली होती. "बस आपली बरी, निदान ओळखीचा रस्ता असतो," असे त्या म्हणाल्या, आणि त्यांना काय उत्तर द्यावे ते आम्हाला सुचेना.

मोहल्ल्यातील मौलवीसाहेबांशी बोललो. त्यांनी प्रत्येकाला ठाऊक असलेली हदीस आठवून दिली : आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा. "भीती वाटते म्हणून मुलीचे शिक्षण थांबवू नका आणि भरवसा आहे म्हणून बेफिकीर राहू नका," एवढेच ते म्हणाले. आम्ही उंट बांधायला बसलो.

हिशेब

आधी विमानाचा विचार केला. पुण्याहून दिल्ली दोन तासांची. पण नगरहून पुणे विमानतळ गाठायला तीन-साडेतीन तास, तिथे दोन तास आधी पोहोचायचे, उतरल्यावर सामान आणि शहरातला रस्ता. घराच्या दारापासून मोजले तर नऊ-दहा तास सहज जातात. आणि चौघांचे भाडे म्हणजे आमच्या घरात महिनाभर जाणवणारी रक्कम. रेल्वेला जवळपास एक दिवस लागतो, पण त्यात मुक्कामाची एक रात्र धरलेली असते.

मग स्लीपर की थर्ड एसी? एप्रिलअखेरची गोष्ट. खानदेशातून दुपार-संध्याकाळ जाणार होती. अम्मींचा विचार करून थर्ड एसी घेतले. त्यात चादर, उशी, पांघरूण मिळते; स्लीपरला आपले न्यावे लागते.

तिकिटाबद्दल वाचकांना काही गोष्टी सांगायला हव्यात, कारण आम्हीही त्या तेव्हाच शिकलो. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडते. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. तत्काळ तिकीट एसीसाठी आदल्या दिवशी सकाळी दहाला आणि स्लीपरसाठी अकराला सुरू होते. ४५ वर्षांवरील महिला आणि ६० वर्षांवरील पुरुष यांना शिल्लक असेल तर खालचा बर्थ आपोआप दिला जातो, म्हणून अर्जात वय बरोबर लिहा. ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातली सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे : ऑनलाइन काढलेले तिकीट शेवटपर्यंत पूर्ण वेटिंगवर राहिले तर ते आपोआप रद्द होते. ते हातात घेऊन गाडीत चढू नका.

आमची तीन तिकिटे पक्की झाली, चौथे आरएसी राहिले. आरएसी म्हणजे बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांनी बसून जायचे. ती रात्र आम्ही दोघांनी आलटूनपालटून काढली.

डब्यात काय न्यायचे?

एरवी प्रवासाला निघताना खिमा आणि रोटी घ्यायची आमच्या घरची रीत. या वेळी दस्तरखानावर काय मांडायचे यावरही विचार करावा लागला, याचे वाईट वाटले. शेवटी मेथीचे पराठे, बटाट्याची सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी, खजूर आणि घरचे दही असा बेत ठरला. मुलगी म्हणाली, "आपण घाबरून असं करतोय ना?" आम्ही म्हणालो, उन्हाळ्यात मांस टिकत नाही, बंद डब्यात दुसऱ्यांना वास जातो, आणि हो, थोडे घाबरूनही. मुलांशी खोटे बोलू नये.

स्थानकाकडे जाताना रिक्षा किल्ल्याच्या बाजूने गेली. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत अटक झालेल्या नेत्यांना खास गाडीने आपल्याच स्थानकावर आणले होते. गांधीजींना वाटेत चिंचवडला उतरवून घेतले, आणि मौलाना आझाद, पंडित नेहरू आदींना नगरच्या किल्ल्यात ठेवले. मौलानांचे 'गुबार-ए-खातिर' इथलेच. आम्ही वर्गात ते सांगतो. ते बंदिवान म्हणून ज्या मार्गाने आले, त्याच मार्गाने आमची मुलगी शिकायला निघाली होती. तिला तसे म्हटले तर ती हसली आणि पुन्हा वही वाचू लागली.

गाडीतली रात्र

दुपारी गाडीत चढलो. समोर कोपरगावचे एक कुटुंब मथुरेला निघाले होते : आजी, मुलगा, सून आणि एक लहान मूल. पहिला तासभर दोन्ही बाजूंनी फक्त खिडकीबाहेर पाहणे झाले. मनमाडनंतर आजींनी अम्मींना विचारले, "गुडघ्याला काय लावता तुम्ही?" तिथून जे बोलणे सुरू झाले ते भुसावळपर्यंत थांबले नाही. आमची चटणी तिकडे गेली, त्यांचे लाडू इकडे आले.

सगळेच असे नव्हते. पलीकडच्या बाजूच्या एकाने अम्मींच्या बुरख्याकडे पाहून सोबत्याला काहीतरी म्हटले. ते आम्हाला ऐकू आले; इथे लिहीत नाही. आम्ही गप्प राहिलो. मुलीचा हात आम्ही धरला होता, तो थोडा घट्ट झाला. कोपरगावच्या आजींनी मात्र मान वळवून त्या माणसाकडे नुसते पाहिले आणि पुन्हा अम्मींशी बोलू लागल्या. तो विषय तिथेच संपला.

मगरिबच्या सुमारास गाडी बुऱ्हाणपूरजवळ होती. वुजूसाठी दोन बाटल्या पाणी वेगळे ठेवले होते, कारण डब्यातल्या नळाचा भरवसा नसतो. मगरिबच्या तीन रकात सफरातही तीनच राहतात. जुहर, असर आणि इशाच्या चारऐवजी दोन. अम्मींनी बर्थवर बसून नमाज पढली. आम्ही दोन बर्थच्या मधल्या जागेत एकेकाने उभे राहून पढली, येण्याजाण्याची वाट मोकळी ठेवून. रस्ता अडवून, लोकांना ओलांडून जायला लावून नमाज पढणे बरे नाही. किब्ल्यासाठी मोबाइलमधले होकायंत्र कामी आले. एक सोपी खूणही सांगतो : आपल्या भागात किब्ला साधारण पश्चिमेला, म्हणून गाडी उत्तरेकडे धावत असेल तर तो डाव्या हाताला येतो. धावत्या गाडीत उभे राहणे किंवा किब्ला साधणे जमलेच नाही तर नमाज कशी अदा करावी, ती पुन्हा पढावी का, हे निघण्यापूर्वी आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे.

बुऱ्हाणपूरवरून एक गोष्ट मुलीला सांगितली. मुमताज महल १६३१ मध्ये इथेच वारली. आधी तिला इथे दफन केले आणि नंतर तिचा देह आग्र्याला नेला. मोगलांच्या काळात दख्खन आणि आग्रा यांच्यातले हे अंतर काटायला किती आठवडे लागत असतील! आम्ही बुऱ्हाणपूरला मगरिब पढलो आणि डोळे उघडले तेव्हा आग्रा जवळ आले होते. रात्रीच्या गाडीचा अर्थ आम्हाला तिथे कळला.

मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा एवढ्याच वेळात उघडायचा असा नियम आहे. त्याने भांडणे टळतात. अम्मींना खालचा बर्थ मिळाला होता, नाहीतर हा प्रवास शक्यच नव्हता. त्यांना झोप तुटकतुटक लागली. प्रसाधनगृह मध्यरात्रीनंतर वापरण्यासारखे राहिले नव्हते, हेही सांगायला हवे. मार्कशीट आणि मूळ कागदपत्रे कापडी पिशवीत मुलीच्या उशाखाली, बॅगा साखळीकुलपाने बर्थखाली. गाडी दोन तास उशिरा पोहोचली. परीक्षा दोन दिवसांनी होती म्हणून निभावले. महत्त्वाचे काम असेल तर मध्ये एक दिवस मोकळा ठेवाच.

मग, जावे का?

युरोपात स्वस्त विमानांमुळे रात्रीच्या गाड्या बंद पडत चालल्या होत्या. २०१६ मध्ये जर्मनीच्या रेल्वेने आपले शयनयान बंद केले, तेव्हा शेजारच्या ऑस्ट्रियाने त्यातले काही मार्ग 'नाइटजेट' या नावाने चालू ठेवले. आज तिथे लोक पर्यावरणाचा विचार करून मुद्दाम अशा गाडीने जातात. आपल्याकडे ती चैन नाही, सामान्य माणसाची गरज आहे.

आमचे मत विचाराल तर : एका रात्रीचा प्रवास जरूर करावा. दोन रात्रींचा असेल आणि सोबत वयस्क माणूस असेल तर वाटेत मुक्काम करावा. खालचा बर्थ नसेल तर गुडघेदुखीच्या माणसाला नेऊ नये. १३९ हा रेल्वेचा मदत क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या, आजीच्याही, मोबाइलमध्ये असावा. डबा आणि बर्थ क्रमांक घरी कळवून ठेवावा. कुणी वाद उकरून काढला तर उत्तराला उत्तर न देता तिकीट तपासनीस किंवा रेल्वे पोलिसांना बोलवावे.

मुलीचा निकाल लागला, नाव यादीत आले. अल्हम्दुलिल्लाह. आता प्रश्न पुढचा आहे : सुट्टीत ती येणार-जाणार कशी? एकट्या मुलीच्या लांबच्या सफराबद्दल उलेमांची मते एकसारखी नाहीत. प्रत्येक घराने आपल्या विश्वासाच्या आलिमांना विचारून ठरवावे. आमच्याकडे असे ठरले की पहिल्या वर्षी आमच्यापैकी एकाने आणायला जायचे. रेल्वे सुरक्षा दलाची 'मेरी सहेली' ही योजना एकट्या प्रवास करणाऱ्या महिलांसाठी आहे. त्यात महिला जवान डब्यात येऊन चौकशी करतात. तिची माहिती मुलीने स्वतःच काढून आमच्यापुढे ठेवली. म्हणजे उंट बांधायला तीही शिकली.

आमची भीती पूर्ण गेली असे म्हणणार नाही. पण निघण्यापूर्वी आमच्याजवळ फक्त मोबाइलवरची ती चित्रफीत होती. आता तिच्या शेजारी मनमाडनंतर गुडघ्याचे विचारणाऱ्या आजीही आहेत. दोन्ही खरे आहे, आणि घरी बसून राहिलो असतो तर एकच कळले असते.

दिल्लीहून परतल्यावर अम्मींना शेजारणींनी विचारले, "कसा झाला सफर?" अम्मी म्हणाल्या, "जामा मशिदीच्या पायऱ्या चढता चढता दम लागला. गाडीचं काय, गाडी तर झोपून गेली."