यात्रेचा परवाना आणि दांपत्याची गणना

यात्रेस निघालेले पती-पत्नी हा एक यात्रेकरू की दोन, हा प्रश्न प्रथमदर्शनी निरर्थक वाटण्याजोगा आहे. तथापि धर्मशास्त्र, लोकाचार आणि शासनव्यवहार या तिहींनी त्याची वेगवेगळी उत्तरे दिली असून त्या उत्तरांच्या खुणा मराठीच्या शब्दसंपत्तीत उमटलेल्या आहेत. महाशिवरात्रीस वैनगंगेकाठी मार्कंडा येथे, किंवा चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीस जाणाऱ्या यात्रेकरूजवळ कोणी परवाना मागत नाही. परंतु तेथे पोहोचण्यासाठी तो ज्या गाडीत बसतो तिचे तिकीट, सवलतीसाठी दाखवावयाचे ओळखपत्र, आणि दूरच्या यात्रेसाठी भरावयाचा अर्ज ही कागदपत्रे माणसांची मोजदाद करीतच असतात. ही मोजदाद आणि परंपरेची मोजदाद यांतील अंतर स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम कागदाचे शब्द पाहू. कौटिलीय अर्थशास्त्रात मुद्राध्यक्ष नावाचा अधिकारी सांगितला असून, ठराविक शुल्क घेऊन प्रवासाची मुद्रा देणे हे त्याचे काम होय. पुढे हा संस्कृत शब्द या अर्थाने मागे पडला आणि मराठी कारभारात राहदारी, दस्तक, परवाना व दाखला हे शब्द रूढ झाले. राहदारी हा फार्सी 'राह' म्हणजे रस्ता या शब्दावरून, तर दस्तक 'दस्त' म्हणजे हात या शब्दावरून आला. दाखला हा शब्द मुळात अरबी असून त्याचा संबंध प्रवेशाशी आहे. पास हा शब्द त्यांच्या मागाहून इंग्रजीतून आला. या सर्व शब्दांत एक गोष्ट समान आहे: त्यांचा संबंध रस्ता, हात आणि प्रवेश यांच्याशी आहे, पुण्याशी नाही. रस्त्यावरून कोण व किती जण जातात एवढाच प्रश्न या कागदास पडतो. चालणाऱ्याचे नाते त्यास मुळात ठाऊक नसते.

जोडप्याचे शब्द याच्या अगदी उलट आहेत. 'दंपती' हे संस्कृतातील द्विवचनी रूप असून घराचे दोन स्वामी असा त्याचा मूळ अर्थ होतो. मराठीत द्विवचन उरले नाही, त्यामुळे हा शब्द कधी एकवचनी तर कधी अनेकवचनी वापरला जातो. 'दांपत्य' हे तर संस्कृतात भाववाचक नाम. मराठीने त्यास दोन माणसांचा एक घटक असा मूर्त अर्थ दिला. मिथुन या शब्दापासून झालेला 'मेहूण' हा शब्द नपुंसकलिंगी आहे, आणि जोडपे हाही तसाच. मेहूण जेवावयास बोलावले म्हणजे पाने दोन मांडतात, पण निमंत्रण एकच असते. सिरोंचा भागातील तेलुगूत याच्या जोडीचा 'दंपतुलु' हा शब्द मात्र सदैव अनेकवचनी राहिला आहे. 'सपत्नीक' या शब्दाची गोष्ट अधिक बोलकी होय. पत्नीसह जाणाऱ्या पुरुषास हे विशेषण लागते; पतीसह जाणाऱ्या स्त्रीसाठी त्याच घडणीचे विशेषण मराठी व्यवहारात रुजले नाही. यात्रा पुरुषाची आणि पत्नी तिचे अंग, अशी ही शब्दरचना आहे.

या रचनेचे मूळ यज्ञसंस्थेत सापडते. पाणिनीने 'पती' शब्दापासून 'पत्नी' हे रूप सिद्ध करताना यज्ञाशी असलेला संबंध ही अट घातली आहे. म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने पत्नी ही केवळ घरधनीण नव्हे, तर यज्ञकर्मातील सहभागिनी ठरते. पुढे महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेचा महिमा सांगताना असा विचार मांडला गेला की, यज्ञास लागणारे द्रव्य व सामग्री दरिद्री मनुष्याजवळ नसते. त्याला यज्ञाचे फळ तीर्थयात्रेने लाभते. तीर्थ हे यज्ञाच्या जागी आले, तेव्हा यज्ञाचे नियमही त्याच्यामागून आले आणि त्यांत पत्नीच्या सहभागाचा नियम आला. पद्मपुराणाच्या भूमिखंडातील कृकल नामक वैश्याची कथा याच विचाराचे दृष्टांतरूप आहे. कृकल आपली पत्नी सुकला हिला घरी ठेवून एकटाच यात्रेस गेला, आणि परतताना त्याला कळले की, पत्नीवाचून केलेले त्याचे तीर्थकर्म निष्फळ झाले आहे.

नियम एवढा कडक असला की त्याला पळवाटाही लागतात. रामायणाच्या उत्तरकांडात यज्ञासाठी सीतेची सुवर्णप्रतिमा करावी लागली. महाराष्ट्रात पत्नीच्या अनुपस्थितीत धर्मकृत्य करताना तिच्या जागी सुपारी घेण्याचा प्रघात आहे. या दोन्ही उदाहरणांत पत्नीची जागा राखली गेली, परंतु ती जागा पत्नीनेच भरली पाहिजे असे उरले नाही. उलट पतीच्या जागी सुपारी घेऊन पत्नीने कर्म केल्याचा प्रघात नाही, ही गोष्ट 'सपत्नीक' शब्दाच्या एकतर्फीपणाशी जुळणारी आहे. प्रयागास महाराष्ट्रीय व दाक्षिणात्य दांपत्ये जो वेणीदानाचा विधी करतात, त्यातही पत्नीच्या वेणीचे टोक पतीच्या हातून कापले जाते. विधी स्त्रीचा, परंतु अनुमती पतीची. दांपत्य एक मानले गेले खरे, पण त्या एकाचे नाव पतीचे राहिले.

या व्यवस्थेत विधवेचे स्थान काय, हा प्रश्न साहजिक उद्भवतो. इतिहासातील एक सुप्रसिद्ध यात्रा या दृष्टीने लक्षणीय आहे. पहिल्या बाजीरावाची आई राधाबाई १७३५ साली पुण्याहून काशीयात्रेस निघाली व १७३६ साली परतली. बाळाजी विश्वनाथाच्या मृत्यूस तेव्हा सुमारे पंधरा वर्षे लोटली होती. उत्तरेतील राजेरजवाड्यांनी तिच्या वाटेची व्यवस्था केली आणि तिचा सन्मान राखला. तिच्या प्रवासाचे संरक्षण सौभाग्यातून आलेले नव्हते, ते राजकीय वजनातून आलेले होते. जिच्यामागे पेशव्यांचे नाव नव्हते अशा सामान्य विधवेस मात्र सोबत शोधावी लागे, आणि ती तिला बहुधा गावच्या यात्रेकरूंच्या मेळाव्यात मिळे.

वारकरी संप्रदायाने या गणनेत मूलभूत फरक केला. नामस्मरणास यज्ञाची सामग्री लागत नाही, म्हणून यज्ञातील जोडीदाराची अटही तेथे लागू होत नाही. जनाबाई व कान्होपात्रा यांची भक्ती कोणाची पत्नी म्हणून सिद्ध झालेली नाही. सतराव्या शतकातील बहिणाबाईंना पतीच्या विरोधास तोंड देत तुकोबांचे शिष्यत्व घ्यावे लागले, आणि त्यांनी तो संघर्ष आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत नोंदवून ठेवला. वारीत माणसाची ओळख गळ्यातील तुळशीच्या माळेने आणि दिंडीने होते. माळ ज्याची त्याने घालावयाची असते. दिंडीच्या चालीतही जोडपे हा घटक नाही. पुढे पताकाधारी, मग टाळकरी, मृदंग व वीणा, आणि मागे तुळशीवृंदावन डोईवर घेतलेल्या व इतर स्त्रिया, असा सर्वसाधारण क्रम असतो. एकाच दिंडीत निघालेले पती-पत्नी दिवसभर एकमेकांपासून अंतरावर चालतात आणि मुक्कामावर भेटतात.

असे असूनही वारीच्या शेवटी दांपत्य पुन्हा प्रकट होते. आषाढी एकादशीच्या शासकीय महापूजेत मुख्यमंत्र्यांसमवेत दर्शनरांगेतील एका वारकरी दांपत्यास पूजेचा मान दिला जातो, आणि राज्य परिवहन महामंडळाकडून मानाच्या वारकऱ्यांस वर्षभराच्या विनामूल्य प्रवासाचा पास देण्याची प्रथा आहे. वाट चालताना जे दोघे होते ते पूजेच्या वेळी मेहूण झाले. भक्तीने जी अट काढली, ती पूजाविधीने मानाच्या रूपाने परत आणली. रांगेत एकट्या उभ्या असलेल्या वारकऱ्यास, मग ती विधवा असो वा अविवाहित पुरुष, हा मान या प्रथेनुसार सहसा मिळत नाही.

शासनाच्या कागदाने मात्र आरंभापासून डोकी मोजली. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलात प्रयाग येथे यात्रेकरूंकडून दरडोई कर घेऊन परवाना दिला जाई. दांपत्य म्हणून त्यात सूट नव्हती. प्रयाग, गया व जगन्नाथपुरी येथील हा कर १८४० च्या कायद्याने रद्द झाला. पुढील काळात कागद कराचा न राहता ओळखीचा व आरोग्याचा झाला. कैलास-मानससरोवर यात्रेस प्रत्येकाचे स्वतंत्र पारपत्र लागते. एकत्र जाऊ इच्छिणाऱ्या दोघांस एकाच खात्यावरून अर्ज करण्याची सोय असली, तरी वैद्यकीय तपासणी ज्याची त्याची होते. त्या तपासणीत एक उत्तीर्ण व दुसरा अनुत्तीर्ण झाला, तर कृकलाचा जुना पेच नव्या रूपाने समोर येतो: जोडीदारास मागे ठेवून जावे की दोघांनीही परतावे? शास्त्राने याचे एक उत्तर दिले होते. कागद उत्तर देत नाही. तो निर्णय त्या दोघांवर सोडतो.

हज यात्रेच्या नियमांत दोन्ही गणना एकत्र दिसतात. मुंबईस मुख्य कार्यालय असलेल्या भारतीय हज समितीच्या व्यवस्थेत पारपत्र व्यक्तीचे असते, परंतु एकत्र जाणाऱ्या कुटुंबियांचा अर्ज एका 'कव्हर'मध्ये, एका प्रमुखाच्या नावाखाली जातो. स्त्रीसोबत पती किंवा विवाहास वर्ज्य असा जवळचा आप्त, म्हणजे महरम, असावा असा नियम दीर्घकाळ होता. २०१८ च्या हजपासून पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांना किमान चौघींच्या गटाने महरमवाचून जाण्याची मुभा मिळाली. एका पुरुषाची जागा तीन स्त्रियांच्या सोबतीने घेतली, हे या बदलाचे मर्म होय.

युरोपातील सांतियागोच्या पदयात्रेचा दाखला येथे उपयोगी पडेल. मध्ययुगीन चर्चच्या विधीनुसार विवाहित मनुष्याने यात्रेचा नवस बोलताना जोडीदाराची संमती घेणे आवश्यक मानले जाई. १२०१ साली तिसऱ्या इनोसंट या पोपने धर्मयुद्धास जाणाऱ्या पुरुषांना पत्नीच्या संमतीवाचून निघण्याची सवलत दिली. आज तेथे प्रत्येक यात्रेकरूजवळ शिक्क्यांची स्वतंत्र पुस्तिका असते. किमान शंभर किलोमीटर पायी चालल्याचा पुरावा पाहून प्रमाणपत्र ज्याचे त्यास मिळते, जोडप्यास मिळून एक असे मिळत नाही. परंतु दिवंगत आप्ताच्या वतीने चाललो, अशी नोंद त्या प्रमाणपत्रावर करून घेण्याची सोय आहे. वियोगानंतर जोडी राखण्याचा हा मार्ग सुपारीच्या प्रघाताहून फार दूरचा नाही. भेद एवढाच की, तो पती व पत्नी दोघांनाही सारखाच खुला आहे.

आता चंद्रपूर-गडचिरोलीकडे वळू. मृकंडु ऋषी व त्यांची पत्नी यांनी पुत्रासाठी तप केले, आणि त्या पुत्राने, म्हणजे मार्कंडेयाने, शिवभक्तीने मृत्यू टाळला, अशी मार्कंड्याच्या नावामागील पुराणकथा आहे. दांपत्याचा नवस हा या क्षेत्राच्या कथेचाच आरंभ होय. चंद्रपुरात महाकालीच्या मंदिराच्या उभारणीशी राणी हिराईचे नाव जोडले जाते. पती बीरशाह याच्या मृत्यूनंतर तिने राज्यकारभार पाहिला व त्याची समाधी बांधली. या दोन स्थळांच्या स्मृतीत दांपत्यही आहे आणि दांपत्य मोडल्यावर स्वतःच्या नावाने उभी राहिलेली स्त्रीही आहे. सिरोंचा येथे १३ ते २४ एप्रिल २०२२ या काळात प्राणहितेचा पुष्कर झाला. बारा वर्षांनी येणाऱ्या अशा पर्वाच्या वेळी मागील पर्वात जोडीने न्हालेल्यांपैकी किती जण एकटे परततात, हे सांगण्यास आकड्यांची गरज नाही.

अशा एकट्या यात्रेकरूच्या दृष्टीने व्यक्तीची गणना करणारा कागद हिताचा ठरला आहे. १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनाच्या गाड्यांत सर्व स्त्रियांना तिकिटात निम्मी सवलत मिळू लागली. ती पत्नी म्हणून नव्हे तर स्त्री म्हणून, त्यामुळे चामोर्शीस निघालेल्या विधवेचे आणि सौभाग्यवतीचे तिकीट सारखेच असते, आणि पासष्ट वर्षांखालील पतीला मात्र शेजारच्या आसनासाठी पूर्ण भाडे द्यावे लागते. याउलट २०२४ साली महाराष्ट्र शासनाने ज्येष्ठ नागरिकांसाठी जाहीर केलेल्या तीर्थदर्शन योजनेत साठ वर्षांवरील व्यक्ती पात्र ठरवून, पंचाहत्तर वर्षांवरील अर्जदारास जीवनसाथी किंवा साहाय्यक सोबत नेण्याची मुभा ठेवण्यात आली. येथे जोडीदार आला तो पुण्याची अट म्हणून नव्हे, तर वार्धक्यातील आधार म्हणून. आणि म्हणूनच त्याच्या जागी साहाय्यकही चालतो.

येथे शब्दांच्या निवडीस महत्त्व येते. 'सपत्नीक' या शब्दाने लिहिलेला नियम विधवेस व एकट्यास आपोआप बाहेर ठेवतो. 'जीवनसाथी' हा शब्द पती व पत्नी यांना समान स्थान देतो, परंतु ज्याचा साथी गेला त्याच्याविषयी मौन पाळतो. 'सोबती' हा साधा मराठी शब्द या तिहींत अधिक व्यापक आहे: त्यात पती, पत्नी, बहीण, शेजारीण आणि दिंडीतील माणूस सर्वांचा समावेश होतो, आणि लांबच्या वाटेवर वृद्ध माणसास ज्याची खरी गरज असते तेच तो सांगतो. परवाना प्रत्येकाचा स्वतंत्र असावा आणि सोबत ज्याची त्याने निवडावी, हा वारीच्या वाटेवर व्यवहाराने सिद्ध झालेला नियम आहे. अर्जाच्या भाषेत तो उतरावयाचा आहे.