डब्यात न आलेली नावं

आमच्या फुलपाड्याच्या चाळीत पहिला टीव्ही गेम आला तो १९९६च्या दिवाळीत, आणि तो आमच्या घरी आला. मामाने मुंबईहून, मनीष मार्केटमधून आणला होता. करडा डबा, दोन रिमोट, एक प्लास्टिकची बंदूक, अडॅप्टर आणि '९९९ इन वन' असं छापलेली पिवळी कॅसेट. त्या वेळी विरार ठाणे जिल्ह्यात होतं, पापडखिंडीच्या धरणापर्यंत मोकळी जागा होती आणि आमच्या मागच्या दारातून जीवदानीचा डोंगर पायथ्यापासून शिखरापर्यंत दिसायचा. मामा टीव्हीचं चॅनल लावत बसला होता. पडद्यावरच्या मुंग्यांमधून हळूहळू एक निळं आकाश वर आलं, आणि दहा बाय बाराच्या खोलीत बसलेली चाळीतली सगळी पोरं एकदम गप्प झाली.

तो डबा मागच्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून खाली काढला. पुढे इलेक्ट्रॉनिक्स शिकल्यामुळे हात स्वस्थ बसेना. चार स्क्रू काढले. आत हिरवी पट्टी आणि तिच्या मधोमध डांबराच्या थेंबासारखा एक काळा गोळा, बाकी जवळजवळ काही नाही. खरी चिप त्या गोळ्याखाली असते. पट्टीवर थेट चिकटवून, केसाहून बारीक तारांनी जोडून वरून राळ ओतलेली. गोळ्यावर अक्षर नाही, आकडा नाही. ज्यांनी हे यंत्र घडवलं त्यांची नावं फुलपाड्यापर्यंत पोचलीच नाहीत. ती इथे लिहावीत, एवढ्यासाठी हा लेख.

आमचा डबा म्हणजे नक्कल; तिचं मूळ जपानी. निन्टेन्डोचा 'फॅमिकॉम' १५ जुलै १९८३ रोजी तिथे १४,८०० येनना विक्रीला आला. तो घडवणारे अभियंते मासायुकी उएमुरा. १९८१मध्ये कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी त्यांना सांगितलं, की कॅसेट बदलून खेळता येईल असं घरगुती यंत्र हवं, आणि ते स्वस्त हवं. स्वस्त या एका शब्दाने पुढचं सगळं ठरवलं. प्रोसेसर निवडला तो ६५०२च्या घराण्यातला. चक पेडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५मध्ये अमेरिकेत ६५०२ बाजारात आणला तेव्हा त्याची किंमत होती २५ डॉलर; त्याच्या जोडीचे प्रोसेसर तेव्हा कितीतरी महाग होते. चिप बनवायला रिको कंपनी तयार झाली, कारण निन्टेन्डोने दोन वर्षांत ३० लाख नग उचलण्याची हमी दिली. हमी मोठी होती, यंत्र मात्र काटकसरीचं. कामाची स्मृती २ किलोबाइट. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा १९८५चा आख्खा खेळ ४० किलोबाइटांत बसवलेला. मोबाइलवर येणारा शुभेच्छांचा एक फोटो आज त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. मारिओमधले ढग आणि झुडपं नीट पाहा: आकृती एकच आहे, रंग तेवढा वेगळा. जागा वाचवायला केलेली ही युक्ती आम्ही वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर असून पाहिली नाही.

'काँट्रा' खेळताना शत्रूंची गर्दी झाली की माणसं लुकलुकायला लागायची. आम्ही म्हणायचो, कॅसेट गेली. कॅसेट ठणठणीत होती. फॅमिकॉमच्या चित्र काढणाऱ्या चिपला पडद्यावर एकूण ६४ हलत्या आकृती सांभाळता येतात, पण आडव्या एका रेषेत आठच. नववी दिसतच नाही. मग प्रोग्रॅमर काय करत? आकृतींचा क्रम दर चित्रागणिक बदलत राहायचे. प्रत्येकीला आळीपाळीने जागा मिळे, कुणीच पूर्ण नाहीसं होत नसे, फक्त लुकलुके. ज्याला आम्ही दोष समजलो, ते कुणीतरी रात्री जागून शोधलेलं उत्तर होतं. हे कळलं तेव्हा मला लहानपणीच्या त्या पडद्याविषयी नव्याने आदर वाटला.

आणखी एक गोष्ट. जपानचा टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवतो, आपला ५० वेळा. बरेचसे जुने खेळ पडद्याच्या याच ठोक्यावर चालतात. नक्कल करणाऱ्या तैवानच्या चिपकारांनी आपल्यासारख्या देशांच्या टीव्हीवर चित्र फाटू नये अशी सोय केली, पण ठोका ५०चाच राहिला. म्हणजे आमचा मारिओ जपानी मुलांच्या मारिओपेक्षा एक षष्ठांश संथ धावत होता. संगीतही तेवढंच रेंगाळत होतं. आज मूळ वेगात ती धून ऐकली की मला ती घाईची वाटते.

कॅसेटची गोष्ट जपानच्याही आधीची आहे. राल्फ बेअर हे जर्मनीतून १९३८मध्ये कुटुंबासह निसटलेले ज्यू अभियंता. घरोघरच्या टीव्हीवर फक्त कार्यक्रम का पाहायचे, त्याच्याशी खेळता का येऊ नये, हा विचार त्यांनी १ सप्टेंबर १९६६ रोजी चार पानांत लिहून काढला. त्यातून १९७२मध्ये मॅग्नावॉक्सची 'ओडिसी' आली. तिच्यात स्मृती नव्हतीच. खेळ बदलायला घालायची कार्डं आतली जोडणी तेवढी बदलत. मैदान दाखवण्यासाठी टीव्हीच्या काचेवर रंगीत प्लास्टिक चिकटवावं लागे.

खेळच वेगळ्या डबीत भरून विकण्याची कल्पना अल्पेक्स या छोट्या कंपनीतल्या वॉलेस कर्शनर आणि लॉरेन्स हॅस्केल यांची. ती बाजारात टिकेल अशी केली फेअरचाइल्ड कंपनीच्या जेरी लॉसन यांनी. ब्रुकलिनचे हे कृष्णवर्णीय अभियंता. सिलिकॉन व्हॅलीत त्या काळी त्यांच्यासारखे फार थोडे होते. प्रश्न दिसतो तेवढा सोपा नव्हता. उघड्या पट्ट्यांची डबी पोरं दिवसातून वीसदा काढणार, घालणार. हाताची स्थिर वीज चिपला लागणार, सांधा झिजणार. लॉसन यांच्या गटाने या सगळ्यावर मार्ग काढला आणि नोव्हेंबर १९७६मध्ये 'चॅनल एफ' आला. त्याच यंत्रावर 'होल्ड' नावाचं बटण होतं. खेळ मध्येच थांबवायचा आणि पुन्हा तिथूनच सुरू करायचा. आई हाक मारते तेव्हा जगातलं प्रत्येक मूल जे पॉज बटण दाबतं, ते इथलं. खेळ बनवणाऱ्यांच्या संघटनेने लॉसन यांचा सन्मान केला तो मार्च २०११मध्ये, आणि पुढच्याच महिन्यात ते गेले. पस्तीस वर्षांचा हा उशीर मला आजही खटकतो.

कॅसेटवर फुंकर मारणं हा आमचा विधी होता. कधी पदराच्या टोकाने पुसणं, कधी दोन बोटांनी तिरकी दाबून बसवणं. फुंकरीने गेम सुरू व्हायचा, हे खरं. पण काम फुंकरीचं नव्हतं. कॅसेट काढून पुन्हा घातली की पट्ट्या सांध्यावर घासल्या जात आणि जोड नीट बसे. तोंडातली वाफ मात्र पट्ट्यांवर राहून त्यांना गंज आणत असे. आम्ही प्रेमाने केलेल्या उपचाराने कॅसेटी मारल्या.

रिमोटवरच्या काळ्या अधिक चिन्हापाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबेन, कारण अंगठ्याला त्याची सवय आयुष्यभर राहिली. ते गुनपेई योकोई यांचं. निन्टेन्डो पत्ते छापायची तेव्हा, १९६५मध्ये, हे गृहस्थ यंत्रांची देखभाल करायला लागले. बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरशी चाळा करत बसलेला त्यांना दिसला आणि त्यातून खिशातले 'गेम अँड वॉच' सुचले. त्यांपैकी १९८२च्या 'डाँकी काँग'साठी दांडीऐवजी सपाट फुली आली. मधोमध टेकू, चार टोकांखाली चार संपर्क. एक टोक दाबलं की समोरचं आपोआप उचललं जातं, त्यामुळे डावं आणि उजवं एकाच वेळी दाबलं जाऊच शकत नाही. अंगठ्याला न पाहता कळतं की आपण कुठे आहोत. फॅमिकॉमच्या वेळी दांडी लावायचा विचार झाला होता. पण मुलं रिमोट जमिनीवर टाकणार आणि कुणाचा तरी पाय त्यावर पडणार, ही उएमुरांना धास्ती होती. फुलपाड्याच्या खोलीत आमचे रिमोट जमिनीवरच असायचे आणि पायही पडायचे. रिमोट टिकले. योकोई म्हणत की जुनं, स्वस्त झालेलं, सगळ्यांना ठाऊक असलेलं तंत्र घ्या आणि त्याचा वेगळाच उपयोग शोधा. माझ्या मते या सबंध इतिहासातला हा सर्वांत मोलाचा विचार आहे. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले.

आता बंदूक. बदकं टिपायच्या खेळात आम्हाला वाटायचं, बंदुकीतून किरण निघतो आणि टीव्हीतल्या बदकाला लागतो. उलट आहे. बंदूक पाहते. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतल्या प्रकाशसंवेदकाला तो उजेड दिसला तर नेम बरोबर. दोन बदकं असतील तर चौकोन एकामागून एक उमटतात आणि कुठल्या वेळी उजेड दिसला त्यावरून कुठलं पडलं ते ठरतं. आधी काळा पडदा कशासाठी? ओडिसीच्या बंदुकीला दिव्यासमोर धरलं तरी नेम लागायचा. ती पळवाट अशी बंद झाली. उएमुरा मूळचे शार्प कंपनीचे, आणि ते निन्टेन्डोला याच प्रकाशसंवेदकांची विक्री करायला आले होते. योकोईंशी त्यांची गाठ त्यातूनच पडली.

खेळ जपून ठेवण्याची सोय मात्र आमच्या डब्यात नव्हती. विरारला वीज जाणं रोजचं. काँट्राच्या शेवटच्या टप्प्यावर पंखा मंदावला की पोटात गोळा यायचा, आणि दिवे परत आले की पुन्हा पहिलं जंगल. अमेरिकेत १९८७मध्ये आलेल्या 'झेल्डा'च्या सोनेरी कॅसेटमध्ये यावरचा उपाय होता: स्मृतीची छोटी चिप आणि तिला जागं ठेवणारी नाण्याएवढी बॅटरी. यंत्र बंद असलं तरी बॅटरी त्या चिपला वर्षानुवर्षं थेंबथेंब वीज पुरवते. त्या बॅटरीची गरज फुलपाड्याइतकी कुणाला असेल असं मला वाटत नाही. स्वस्तातल्या नकलेत नेमकी तीच गाळली गेली होती.

पुढचं सगळं झपाट्याने झालं. सोनीच्या केन कुतारागी यांनी घडवलेल्या प्लेस्टेशनने डिसेंबर १९९४मध्ये सीडी घरोघरी नेली आणि खेळ साठवायला वेगळं मेमरी कार्ड दिलं, १२८ किलोबाइटांचं. १९९७मध्ये रिमोट थरथरायला लागला; आत एक छोटी मोटर, तिच्या दांड्यावर एका बाजूला झुकलेलं वजन. मोबाइलच्या व्हायब्रेशनचं तत्त्व तेच. त्या थरथरीच्या पेटंटवरून इमर्शन कंपनीने सोनीला कोर्टात खेचलं, आणि २००६चा प्लेस्टेशन ३ थरथर नसलेल्या रिमोटनिशी बाजारात आला. तडजोड २००७मध्ये झाली. एक्सबॉक्सने २००१मध्ये हार्ड डिस्क आणली, पुढच्या वर्षी इंटरनेटवरचा सामना.

हे सगळं आपल्याकडे अधिकृतपणे यायला किती महाग पडे, याचा एक आकडा पुरेसा आहे. सेगाची यंत्रं १९९५मध्ये शॉ वॉलेसमार्फत भारतात आली तेव्हा किंमत होती १८,००० रुपये. चाळीतल्या कुठल्या बापाने ते द्यायचे होते? म्हणून नक्कल आली. नकलेने मूळ अभियंत्यांना एक पैसा दिला नाही, हे चुकीचंच झालं. तरी ती नसती तर आमच्या पिढीने बंदूकही हातात धरली नसती आणि स्क्रू काढून आत डोकावलंही नसतं. या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी खऱ्या वाटतात.

त्या पिढीने काय केलं, त्याचं उत्तर पुण्यात आहे. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड यांनी २०१७मध्ये तिथे नोडिंग हेड्स गेम्स सुरू केली. लोकांकडून पैसे उभारण्याचा प्रयत्न फसला. श्रुती घोष यांनी स्वतःचा फ्लॅट विकला. ऑगस्ट २०२०मध्ये त्यांचा 'राजी' प्रसिद्ध झाला, भावाला सोडवायला निघालेल्या मुलीची गोष्ट, आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. तो सर्वांत आधी आला निन्टेन्डोच्या स्विचवर, जे यंत्र कंपनीने भारतात अधिकृतपणे विकायला आणलंच नव्हतं. उएमुरा डिसेंबर २०२१मध्ये गेले. त्यांच्या कंपनीच्या यंत्रासाठी पुण्यात खेळ तयार झाला, तो त्यांच्या हयातीत.

यंदा साफसफाईत तुमच्या माळ्यावर असा एखादा डबा सापडला तर भंगारवाल्याला देऊ नका. कॅसेटच्या पट्ट्यांवर फुंकर मारू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मुलांना शेजारी बसवून स्क्रू काढा, काळा गोळा दाखवा आणि त्यांना बेअर, लॉसन, उएमुरा, योकोई ही नावं सांगा. आणि घरात जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही उरला असेल तर तोही ठेवा. सपाट टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, आणि तेवढ्या उशिरात बंदुकीला पांढरा चौकोन दिसत नाही.