आधी रेसची गाडी, मग रस्त्याची

टोरोंटोच्या उत्तरेला लागून मार्कम नावाचं शहर आहे. देसी वाणसामानाची दुकानं, चिनी मॉल, आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती. पुणेकराला बाणेरची आठवण यावी असं. याच शहरात मल्टिमॅटिक या कंपनीने २०१६ च्या अखेरीपासून २०२२ पर्यंत ‘फोर्ड जीटी’ ही गाडी जोडली. एकूण साधारण १३५० गाड्या, एकेकीची किंमत साडेचार लाख अमेरिकन डॉलरच्या आसपास. सुरुवातीच्या पाचशे गाड्यांसाठी साडेसहा हजार लोकांनी अर्ज केले होते. हो, अर्ज! खिशात पैसे असून भागत नव्हतं. गिऱ्हाईक फोर्ड निवडून घेत होतं.

या गाडीबद्दल आमच्या शनिवारच्या ग्रुपमध्ये दर सीझनला एकदा तरी भांडण होतं. आम्ही सात जण, कोणी इथे, कोणी जर्मनीत, बाकीचे पुणे-नाशिकला. ‘ऑटोमेशन’ नावाच्या गेममध्ये इंजिनच्या बोअर-स्ट्रोकपासून सस्पेन्शनपर्यंत आख्खी गाडी आपण डिझाइन करतो. ती ‘बीमएनजी’ या दुसऱ्या गेममध्ये नेऊन चालवता येते. आमची अट एवढीच, की आधी रस्त्यावर चालणारी, विकता येईल अशी गाडी बनवायची. तिच्यावरूनच रेसची आवृत्ती काढायची आणि मग २४ तासांची शर्यत. टायर, विंग, आतलं सामान बदलता येतं. इंजिनचा ब्लॉक, बॉडी आणि व्हीलबेस मात्र रस्त्यावरच्या गाडीचाच.

याला होमोलोगेशन म्हणतात. पुण्याच्या लोकांना हा शब्द वेताळ टेकडीवरच्या एआरएआयमुळे माहीत असेल. तिथे गाडी रस्त्यावर यायला लायक आहे का ते बघतात. शर्यतीत प्रश्न उलटा असतो: ही गाडी खरंच रस्त्यावरची आहे, की नुसती शर्यतीसाठी बनवून नंबरप्लेट लावलीय?

आणि इंजिनिअर मंडळी या प्रश्नाला पहिल्यापासून बगल देत आलीत. १९६९ साली पोर्शेला ‘९१७’ साठी २५ गाड्या दाखवायच्या होत्या. आधी तपासणीला माणसं आली तेव्हा मोजक्याच गाड्या पूर्ण होत्या, बाकी सुटे भाग. मान्यता मिळाली नाही. मग एप्रिलमध्ये पोर्शेने कारखान्याच्या आवारात पंचवीसच्या पंचवीस गाड्या ओळीने उभ्या करून दाखवल्या. टोयोटाची १९९८ मधली गंमत तर भारीच. नियमाप्रमाणे गाडीत एक सूटकेस मावेल एवढी जागा हवी होती. टोयोटाचा युक्तिवाद असा, की पेट्रोलची टाकी रिकामी असताना तिच्यात सूटकेस मावू शकते. आणि तो मान्य झाला! याला जुगाड म्हणायचं की इंजिनिअरिंग, यावर आमचा अख्खा एक शनिवार गेलाय.

फोर्ड जीटीचं प्रकरण याच्या पुढचं. फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांत १९६६ साली फोर्डने पहिले तिन्ही नंबर घेतले होते. त्याला ५० वर्षं होताना पुन्हा जिंकायचं ठरलं आणि गाडी त्यासाठीच बेतली गेली. अमेरिकन गाडी म्हटली की मोठं व्ही-८ इंजिन अपेक्षित असतं. इथे घेतलं ३.५ लिटरचं ट्विन टर्बो व्ही-६. ते आटोपशीर, त्यामुळे गाडीचा मागचा भाग पाण्याच्या थेंबासारखा निमुळता करता आला आणि बॉडी व मागच्या चाकांच्या मधून हवा जायला वाट मिळाली. केबिन इतकी अरुंद, की दोघांचे खांदे जवळपास टेकतात. सीट जागच्या हलत नाही. पेडल आणि स्टिअरिंग पुढेमागे करायचं. डिकी नावापुरती. हे सगळं गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी झालेलं नाही, हे सांगायला नको.

जून २०१६ मध्ये या गाडीने ल माँमध्ये आपला गट जिंकला. मार्कममधून रस्त्यावरच्या पहिल्या गाड्या बाहेर पडल्या त्या डिसेंबर २०१६ मध्ये. म्हणजे ‘रस्त्यावरच्या गाडीची रेस आवृत्ती’ आधी जिंकली आणि मूळ गाडी सहा महिन्यांनी आली! त्यासाठी खास सवलत मिळाली होती. गंमत अशी, की रस्त्यावरच्या गाडीला ६४७ हॉर्सपॉवर आणि रेसच्या गाडीला त्याहून कमी, कारण सगळ्या कंपन्यांना एका पातळीवर आणायला आयोजक ताकद कापतात. हलती विंगसुद्धा फक्त रस्त्यावरच्या गाडीला. शर्यतीत तिला बंदी.

आमच्यातला एक जण म्हणतो, यात चुकीचं काय? नियम पाळले ना? माझं मत वेगळं आहे. पोर्शेने निदान पंचवीस गाड्या आधी जमिनीवर उभ्या केल्या. अटीचा जीव त्या ‘आधी’मध्येच आहे. तो काढला की उरतो तो कागद.

गेममध्ये हा फरक बोटाने दाखवता येतो. ल माँला फोर्डने ३४० फेऱ्या मारल्या होत्या, त्याच धरू. एका टाकीत १४ फेऱ्या झाल्या तर २४ वेळा थांबावं लागतं, १५ झाल्या तर २२ वेळा. थांब्याला सव्वा मिनिट धरलं तर अडीच मिनिटं वाचतात. तेवढी भरून काढायला तहानलेल्या गाडीला दर फेरीला जवळपास अर्धा सेकंद जोरात पळावं लागेल. आमच्याकडे ब्लॉक बदलता येत नसल्यामुळे ही फेरी वाढते ती रस्त्यावरच्या गाडीतच: कमी पिणारं इंजिन, कमी वजन, हवेला कमी अडवणारी बॉडी. म्हणजे रोज ऑफिसला नेणाऱ्याच्या कामाच्या गोष्टी. अट खरी पाळली की शर्यतीची गाडी आणि घरची गाडी एकाच दिशेला ओढतात. पहिल्या सीझनला फक्त किंमतीची अट होती, तेव्हा कोणी विकत घेणार नाही अशा गाड्या आल्या. आता गेमचं मार्केट गाडीला किती गुण देतं तेही धरतो, आणि सर्व्हिसच्या खर्चालाही मर्यादा आहे.

खऱ्या शर्यतीतही तो गट बंद झाला. ल माँमध्ये २०२४ पासून त्याच्या जागी जीटी-३ गाड्या आल्या. फोर्ड तिथे मस्टँग घेऊन उतरली, जोडीला पुन्हा मल्टिमॅटिकच. आणि मार्कममध्ये आता ‘मस्टँग जीटीडी’ तयार होते. ८१५ हॉर्सपॉवर, नुर्बुर्गरिंगची फेरी सात मिनिटांच्या आत. ही गाडी कुठल्याही शर्यतीच्या मान्यतेसाठी लागत नाही, तरी रेसच्या गाडीवरून काढलीय. मागचं सस्पेन्शन आणि गिअरबॉक्सच्या कूलिंगची व्यवस्था जिथे बसवलीय, तिथे साध्या मस्टँगची डिकी असते.

आमच्या पुढच्या सीझनचे नियम सध्या ठरतायत. नाशिकच्या मित्राने पहिलीच मागणी टाकलीय: डिकी पाहिजेच, आणि पेट्रोलची टाकी त्यात धरायची नाही.