बाईंचा फॉर्म आणि नागपूरची फूटपट्टी

एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता या विकाराच्या मूल्यमापनाचा पहिला तास बहुतेक ठिकाणी मुलाशिवाय जातो. मानसशास्त्रज्ञ आधी आई-वडिलांना बसवून घेतात आणि विचारतात ते फार मागचे: मूल पूर्ण दिवसांचे होते का, जन्मतः वजन किती होते, चालायला-बोलायला कधी लागले, तापात झटका आला होता का, झोप कशी आहे, बालवाडीतल्या बाईंची पहिली तक्रार काय होती. मग प्रश्न घराण्याकडे वळतात. जुळ्या मुलांवरील अभ्यासांत या विकारामागचा आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात निघतो. त्यामुळे ‘मीही लहानपणी असाच होतो, मार खाऊन सुधारलो’ हे वडिलांचे वाक्य विषय उडवून लावण्यासाठी उच्चारलेले असले तरी तज्ज्ञाच्या वहीत महत्त्वाची नोंद म्हणून उतरते. जुनी प्रगतिपुस्तके, लाल शेऱ्यांनी भरलेल्या वह्या आणि अर्ध्यावर सोडलेल्या उत्तरपत्रिकाही सोबत आणायला सांगतात.

मे २०२४ मध्ये अभिनेता फहाद फासिल याने आपल्याला वयाच्या ४१ व्या वर्षी एडीएचडीचे निदान झाल्याचे सांगितले. त्याच वर्षी अभिनेत्री आलिया भट्टनेही स्वतःविषयी तसेच सांगितले. तेव्हापासून लक्षणांची यादी मोबाइलवरून घरोघर पोहोचली आहे. मोठ्यांच्या निदानाची बातमी होते. मुलाचे निदान नेमके कसे होते, कोण करते आणि त्यातला कोणता भाग कितपत भरवशाचा, याची चर्चा मात्र कमी होते.

निदानाचे निकष अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या ‘डीएसएम-५’ या २०१३ च्या संहितेतून घेतले जातात. त्यात लक्ष न टिकण्याची ९ आणि अतिचंचलता व उतावळेपणाची ९ लक्षणे आहेत. मुलामध्ये यांपैकी एका गटातली किमान ६ लक्षणे सहा महिन्यांहून अधिक काळ आणि वयाच्या मानाने जास्त प्रमाणात दिसावी लागतात. वय १७ किंवा अधिक असेल तर ५ पुरतात. एवढ्यावर भागत नाही. काही लक्षणे १२ वर्षांच्या आत दिसलेली असली पाहिजेत, ती दोन किंवा अधिक ठिकाणी दिसली पाहिजेत, आणि त्यांच्यामुळे मुलाचे खरोखर काही अडत असले पाहिजे. आधीच्या संहितेत वयाची अट ७ वर्षांची होती. ती पुढे सरकली त्याचा फायदा मुख्यतः मुलींना झाला. खिडकीबाहेर बघत बसणारी, कोणालाही त्रास न देणारी, डबा आणि कंपास रोज विसरणारी मुलगी ‘वेंधळी’ म्हणून प्राथमिक शाळा पार करते आणि पाचवी-सहावीत अभ्यास वाढला की गडगडते.

दोन ठिकाणांची अट सर्वांत निर्णायक आहे. मूल फक्त घरी ऐकत नसेल तर प्रश्न घराचा असू शकतो, फक्त शाळेत बसत नसेल तर शाळेचा. तपासणीच्या खोलीत मूल कसे वागते याला मात्र फारसे वजन देता येत नाही. नवी जागा, अनोळखी माणूस, समोरासमोर बसून एका वेळी एकच काम, अशा वेळी एडीएचडी असलेली कित्येक मुले तासभर शहाण्यासारखी बसतात आणि आईला खोटे पाडतात. मोबाइलवरचा खेळ दोन तास खेळतो म्हणजे एकाग्रता आहे, हा आजोबांचा मुद्दाही टिकत नाही. क्षणोक्षणी बक्षीस देणाऱ्या कामात या मुलांचे लक्ष टिकते. अडचण येते ती परवचा म्हणताना.

शाळेची बाजू कळण्यासाठी शिक्षकांना प्रश्नावली दिली जाते. व्हँडरबिल्ट ही त्यातली विनामूल्य मिळणारी आणि म्हणून बरीच वापरली जाणारी. तिच्या पालकांच्या फॉर्ममध्ये ५५ आणि शिक्षकांच्या फॉर्ममध्ये ४३ प्रश्न असतात. कॉनर्स ही अधिक विस्तृत आणि विकतची. भारतात ‘इन्क्लेन’ या संशोधन-जाळ्याने ६ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी स्वतंत्र साधन तयार केले आहे. प्रत्येक प्रश्नापुढे ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत पर्याय असतात आणि बाईंनी खूण करायची असते.

सगळ्या प्रक्रियेतला कच्चा दुवा हाच. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गात ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण घातले आहे. शहरातल्या नावाजलेल्या खासगी शाळांच्या तुकड्या त्याच्या दीडपट-दुप्पट असतात. अशा वर्गात बाईंना आठवतात ती उठून पळणारी मुले. शेवटून दुसऱ्या बाकावर गप्प बसलेल्या मुलाचे लक्ष कुठे होते, हे त्यांना कळणार कसे? काही फॉर्म पाच मिनिटांत भरलेले असतात, काहींत सगळ्या खुणा एकाच रांगेत खाली उतरलेल्या असतात. काही शाळांत फॉर्म भरून दिला म्हणजे आपण मुलावर शिक्का मारला अशी भीती असते, तर काही ठिकाणी मूल दुसऱ्या शाळेत जावे अशी सुप्त इच्छा. म्हणून चांगला मानसशास्त्रज्ञ एकाऐवजी दोन शिक्षकांचे फॉर्म मागतो, शिकवणीच्या ताईंशी बोलतो, जमल्यास शाळेत फोन करतो. जो फक्त आईच्या फॉर्मवर अहवाल लिहून मोकळा होतो, त्याने निकषांतली दोन ठिकाणांची अटच पाळलेली नसते.

प्रश्नावल्यांचे आकडे किती फुगू शकतात याचे उदाहरण कोइंबतूरचे आहे. तिथल्या प्राथमिक शाळांतील मुलांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एडीएचडीचे प्रमाण ११.३२ टक्के निघाले. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित अंदाज (पोलान्चिक व सहकारी, २००७) ५.२९ टक्के आहे. तमिळनाडूतली मुले जगाच्या दुप्पट चंचल असतील हे संभवत नाही. कोणते साधन वापरले, माहिती कोणी दिली आणि अडचण किती मोठी असली तर मोजायची, यावर आकडा हलतो.

वयाचा मुद्दाही इथेच येतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळाप्रवेशासाठी वय ३१ डिसेंबरला मोजतात. तिथल्या ९ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या तेव्हा डिसेंबरात जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असलेल्या मुलग्यांना जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा ३० टक्के अधिक प्रमाणात एडीएचडीचे निदान झालेले आढळले. मुलींमध्ये हा फरक ७० टक्के होता. हा अभ्यास २०१२ चा. महाराष्ट्रातही अलीकडे पहिलीच्या प्रवेशासाठी वय ३१ डिसेंबरलाच मोजतात. एक वर्ष वाचवण्यासाठी मुलाला लवकर शाळेत घालण्याचा सोस इथे आहेच. त्यामुळे पहिली-दुसरीतल्या मुलाचा फॉर्म वाचताना जन्माचा महिना पाहिलाच पाहिजे.

यानंतरच्या भेटीत बुद्धिमापन होते. पालकांच्या मनात ‘टेस्ट’ म्हणजे हीच, आणि अहवालात ते आधी शोधतात तो आकडाही बुद्ध्यांकाचाच. एडीएचडीच्या निदानासाठी बुद्ध्यांक लागत नाही. तो मोजतात तो मुलाची एकूण क्षमता कमी असल्यामुळे त्याचे वर्गात लक्ष लागत नाही का, हे पाहण्यासाठी आणि अध्ययन अक्षमतेची शंका असल्यास पुढचा रस्ता ठरवण्यासाठी. इथे महाराष्ट्राचा स्वतःचा इतिहास आहे, आणि तो तपासणीच्या टेबलावर अजून जिवंत आहे. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ मध्ये कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बिने चाचणीची मुंबई-कर्नाटक आवृत्ती सिद्ध केली. ‘बिने-कामत’ या नावाने ती आजही रुग्णालयांत वापरली जाते. नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रातील ए. जे. मालिन यांनी डेव्हिड वेक्स्लर यांच्या मुलांसाठीच्या चाचणीचे भारतीय रूप केले. त्याची १९६९ ची पुस्तिका ‘मिसिक’ म्हणून ओळखली जाते. याच मालिन यांनी सामाजिक परिपक्वता मोजणारी व्हाइनलंड श्रेणीही भारतीय केली. त्यामुळे न्यू जर्सीतले एक गाव आणि नागपूर अशी दोन्ही नावे एकाच चाचणीला चिकटली आहेत.

मालिन यांचे काम साधे भाषांतराचे नव्हते. अमेरिकन मुलाला सहज ठाऊक असलेल्या गोष्टी इथल्या मुलाला विचारून त्याला मंद ठरवायचे नाही, ही त्यामागची दृष्टी होती, आणि पन्नासहून अधिक वर्षे टिकलेले साधन ज्याने दिले त्याच्याविषयी मराठी वाचकाला इतके कमी माहीत असावे हे नवलच. ६ ते १५ वर्षांच्या मुलांसाठीच्या या चाचणीत ११ उपचाचण्या आहेत: सामान्य ज्ञान, आकलन, अंकगणित, साम्य, शब्दसंग्रह, अंक ऐकून सरळ व उलट म्हणणे, चित्रातला उणा भाग ओळखणे, ठोकळ्यांची नक्षी, तुकड्यांतून वस्तू जुळवणे, सांकेतिक खुणा भरणे आणि वाटकोडी. अंक उलटे म्हणणे आणि वेळ लावून खुणा भरणे या दोहोंत एडीएचडी असलेली मुले पुष्कळदा मागे पडतात, म्हणून काही अहवालांत तेवढ्यावरून निदान लिहिलेले आढळते. ते चूक आहे. चिंतेने ग्रासलेले किंवा हस्ताक्षर संथ असलेले मूलही त्यांत मागे पडते. उलट एडीएचडी असलेली कित्येक मुले दोन्ही उत्तम करतात.

मोठी अडचण फूटपट्टीच्या वयाची आहे. बुद्ध्यांक म्हणजे समवयस्कांच्या तुलनेत मूल कुठे उभे आहे याचा आकडा, आणि इथे समवयस्क आहेत ते १९६० च्या दशकातले. न्यूझीलंडचे अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी दाखवले की अशा चाचण्यांवरची कामगिरी पिढ्यानपिढ्या वाढत जाते. अमेरिकेत दर दशकाला सुमारे ३ गुणांनी. भारतातली गती वेगळी असली तरी दिशा तीच धरली, तर आजच्या मुलाची उंची आजोबांच्या वर्गातल्या मुलांशी ताडून पाहण्यासारखा हा प्रकार होतो: सगळीच उंच दिसतात. परिणाम गंभीर आहे. ज्याची क्षमता सीमारेषेवर आहे असे मूल जुन्या कोष्टकात ‘सरासरी’ दिसते. मग बुद्धी ठीक आहे तरी अभ्यास जमत नाही, म्हणजे लक्षाचाच दोष, असा निष्कर्ष निघतो. अध्ययन अक्षमतेबाबत तर २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी बुद्ध्यांक ८५ च्या वर असणे ही पुढच्या तपासणीची पायरी ठरवली, त्यामुळे चार-सहा गुणांचा फरक प्रमाणपत्रापर्यंत पोहोचतो. भारतीय मुलांवर प्रमाणित केलेली वेक्स्लर चाचणीची चौथी आवृत्ती बाजारात आहे, पण ती महाग आहे. इंग्रजी माध्यमातल्या मराठी मुलाचे अंकगणित कोणत्या भाषेत तपासावे, हाही प्रश्न उरतो. ‘सत्तेचाळीस’ ऐकून गोंधळलेले मूल गणितात कच्चे किंवा बेलक्ष आहे असे होत नाही. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात संख्यावाचन बदलले तेव्हाच्या वादात हे मूल कोणाला आठवले नव्हते. चाचणी कोणती, कोणत्या वर्षीची आणि कोणत्या भाषेत घेतली, हे अहवालात लिहिलेले नसेल तर पालकांनी विचारावे.

संगणकावर ठरावीक अक्षर दिसले की कळ दाबायची, ही चाचणी काही केंद्रांत होते. ती पूरक म्हणून ठीक. एकटीवर निदान उभे राहत नाही. ‘ब्रेन मॅपिंग’चे रंगीत नकाशे पाहून पालक भारावतात, पण मेंदूच्या आलेखावरून एडीएचडी ठरवण्याची नेहमीच्या वापरातली पद्धत अजून उपलब्ध नाही. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी आणि एकाग्रता सांगणाऱ्या ‘डीएमआयटी’ला तर शास्त्रीय आधारच नाही. शाळांच्या सभागृहांत तिची शिबिरे भरतात, ही मुख्याध्यापकांनी लाज वाटून घेण्यासारखी गोष्ट आहे.

इतर कारणे वगळण्याचे काम बालरोगतज्ज्ञाकडे जाते: कानात साचलेले पाणी, चष्म्याचा नंबर, रक्तक्षय, थायरॉइड, वाढलेल्या अ‍ॅडेनॉइडमुळे घोरणे आणि तुटक झोप, काही सेकंद टक लावून हरवणारी अपस्माराची लहान आकडी. घरातली भांडणे, मारहाण, नुकताच झालेला मृत्यू, रात्री बारापर्यंत चालणारा पडदा, हे मानसशास्त्रज्ञाने एकट्या मुलाशी बोलून काढायचे असते. एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता किंवा चिंता एकत्र असणे नेहमीचे आहे, त्यामुळे एक सापडले म्हणून दुसऱ्याचा शोध थांबवता येत नाही.

हे सारे कोण करू शकते? ‘समुपदेशक’ अशी पाटी लावायला आपल्याकडे फारशी आडकाठी नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक पालकांना पडताळता येतो. औषध लिहिणे मानसशास्त्रज्ञाच्या कक्षेत येत नाही. ते मानसोपचारतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ करतात. मेथिलफेनिडेट हे प्रमुख औषध अमली पदार्थविषयक कायद्याच्या सूचीत असल्याने त्याच्या विक्रीवर कडक नियंत्रण आहे. सहा वर्षांखालच्या मुलांत आधी पालकांचे प्रशिक्षण आणि गरज पडल्यासच औषध, असा संकेत आहे. खासगी मूल्यमापनाला काही हजार रुपये पडतात. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात एडीएचडीचा समावेश आहे आणि त्याखाली जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी विनामूल्य होते. ही वाट फार थोड्या पालकांना माहीत असते.

दोन ते चार भेटींनंतर अहवाल हाती येतो. त्यात निदान, त्याचा उपप्रकार, तीव्रता, कोणत्या माहितीवरून काय ठरवले याचा तपशील आणि शाळेसाठी सूचना असायला हव्यात. ‘पहिल्या बाकावर बसवा, काम तुकड्यांत द्या, सूचना लिहून द्या’ एवढेच छापील असेल, तर ते मुलाला न पाहताही लिहिता आले असते. परीक्षेतल्या सवलतींबाबत पालकांची निराशा होते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नाही. दहावीला जादा वेळ किंवा लेखनिक मिळण्याची महाराष्ट्रातली तरतूद १९९६ पासूनची. तीही अध्ययन अक्षमतेसाठी आहे. त्यामुळे केवळ एडीएचडीचा अहवाल घेऊन शाळेत गेलेल्या पालकांना मिळते ते शाळेच्या मर्जीवर. मूल वाढत जाते तसे चित्र बदलते: धावपळ बहुधा कमी होते, विसराळूपणा राहतो. म्हणून दुसरीत लिहिलेला अहवाल आठवीत वापरता येत नाही. प्रश्नावल्या नव्याने भरून घ्याव्या लागतात, आणि या वेळी प्रश्न मुलालाही विचारले जातात.