डिस्कवरचा भगवा

भजनी मंडळाच्या अभंगांची सीडी करायला घेतली तेव्हा डिस्कवर त्यांना एकच गोष्ट हवी होती, भगवी पताका. संगणकावर ती झळझळीत दिसत होती. पहिल्या पंचवीस डिस्कवर मात्र विटकरी उतरली. बुवांनी एक डिस्क उजेडात धरली. "पोरा, आमची पताका इतकी मळकी नसते रे."

पडद्यावरचा रंग म्हणजे थेट उजेड. शाई उलट उजेड गिळते आणि उरलेला परत पाठवते, म्हणून तेवढी झळाळी छपाईत येतच नाही. पण मळका रंग हा माझा दोष होता. पिवळ्यात मॅजेंटा मिसळून भगवा होतो; त्यात निळी शाई जराशी शिरली तरी तो विटतो. चित्राचं सॉफ्टवेअर रंग दुरुस्त करत होतं आणि प्रिंटरचा ड्रायव्हर तोच रंग पुन्हा दुरुस्त करत होता. ड्रायव्हरमधली दुरुस्ती बंद केली. कागदाच्या यादीत फोटो पेपर राहिला होता, तिथे प्रिंटेबल डिस्क निवडली. नाहीतर शाई जास्त पडते, डिस्कचा पांढरा थर ती पिऊ शकत नाही आणि चोवीस तासांनीही बोटाला लागते.

मग एक डिस्क चाचणीला खर्ची घातली. १२० मिलिमीटरच्या त्या वर्तुळात भगव्याचे बारा चौकोन, प्रत्येकाखाली त्याचा आकडा. लाल २५५, निळा शून्य, हिरवा ९० पासून पाच-पाचने १४५ पर्यंत. ताज्या छपाईवर निकाल द्यायचा नाही, सुकताना रंग हलतो. सकाळी खिडकीशी पाहिलं तर रात्री ट्यूबलाइटखाली आवडलेला चौकोन लालसर निघाला. बुवांनी दिंडीतली खरी पताकाच आणली होती. तिचा कोपरा एकेका चौकोनाशेजारी ठेवत ते ११५ वर थांबले.

चंदेरी डिस्कवर स्क्रीन प्रिंटिंग करणारे आधी पांढऱ्या शाईचा थर देतात, त्याशिवाय खालची चांदी रंगातून डोकावते. आमच्या डिस्कवर तो थर आयता असतो, आणि सगळ्यात जास्त फसवतो तोच. पुढच्या खेपेला डिस्कचा नवा डबा फोडला. पांढरा किंचित पिवळसर होता. तोच ११५ चा भगवा हळदीकडे गेला, ११० वर आणावा लागला. आता डबा फोडला की पहिली डिस्क चौकोनांची.