दारू कंपनीची देणगी नाट्यमंडळाला चालते का? पैसे घेण्याआधी हे वाचा

धान निघालं, मंडई लागली, की आपल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या नाटक कंपन्यांच्या तारखा भरतात. गावचं मंडळ पेंडॉल टाकतं, तिकिटं फाडतं, आणि शेवटी हिशोबाला बसलं की बहुतेक वेळा खिशातले घालावे लागतात. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, पण गावच्या रंगमंचावर टिन टाकायला पैसे कुठून आणायचे हा प्रश्न तिथंच आहे.

आमच्या गावात हाच प्रश्न यंदा वेगळ्या रूपात आला. रंगमंचाचा ओटा झाला, खांब उभे झाले, छत राहिलं. तेवढ्यात एका दारू बनवणाऱ्या कंपनीचा माणूस आला. म्हणाला, छताचा सगळा खर्च आम्ही देतो, फक्त कमानीवर आमचं नाव टाका. पोरं खूश झाली. बचत गटाच्या बाया बैठकीत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्या नावाखाली आम्ही नाटक पाहायला बसणार नाही."

मी मंडळात आहे आणि बातम्याही लिहितो, म्हणून विचारपूस करायचं काम माझ्याकडं आलं. जे समजलं ते सगळ्याच मंडळांच्या कामाचं आहे, म्हणून इथं देतो.

देणगी घेणं गुन्हा आहे का?

नाही. दारू तयार करणाऱ्या परवानाधारक कंपनीनं नोंदणीकृत संस्थेला देणगी देऊ नये, असा सरसकट कायदा आपल्याकडं नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. यालाच सीएसआर म्हणतात. कोणत्या कामावर खर्च करता येतो त्याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. त्यात कला, संस्कृती, वारसा यांचं जतन आणि पारंपरिक कलांचा विकास हे विषय आहेत. म्हणजे दंडार, नाटक यासाठी सीएसआरचा पैसा येऊ शकतो. कंपनी दारूची आहे म्हणून ती या कलमातून सुटत नाही.

मग अडचण कुठं आहे?

अडचण नावाची आहे. सीएसआरच्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे, की आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरलं जात नाही. म्हणजे कमानीवर ब्रँड झळकवायच्या अटीवर पैसा दिला तर तो समाजकामाचा पैसा राहत नाही, जाहिरातीचा होतो.

आणि जाहिरात म्हटली की दुसरा कायदा लागतो. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चं कलम २४ दारूची भलामण करणारी, ती प्यायला उत्तेजन देणारी जाहिरात छापायला, लावायला आणि वाटायला मनाई करतं. जिल्ह्यात दारूबंदी असो वा नसो, हे कलम राज्यभर आहे. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातली बंदी १ एप्रिल २०१५ ला लागली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी उठली म्हणून जाहिरात मोकळी झाली, असं नाही. शेजारच्या गडचिरोलीत तर १९९३ पासून बंदी आहे. आपल्याकडची नाटकं पाहायला तिकडचीही माणसं येतात, हे ध्यानात ठेवा.

"आम्ही दारूचं नाही, सोड्याचं नाव टाकतो" म्हटलं तर?

ही जुनी युक्ती आहे. नाव तेच, अक्षरं तीच, रंग तोच, फक्त खाली "सोडा" किंवा "पाणी" लिहायचं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ९ जून २०२२ ला काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा आडून केलेल्या जाहिरातीला मनाई आहे. नुसतं नाव सारखं आहे एवढ्यावरून दरवेळी दोष लागत नाही. पण जाहिरात पाहून माणसाच्या डोक्यात बाटलीच येत असेल, तर ती अडचणीत येते. फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये आहे.

तंबाखूच्या बाबतीत कायदा आणखी उघड बोलतो. २००३ च्या तंबाखू कायद्यात देणगी, बक्षीस किंवा प्रायोजकत्वाच्या बदल्यात तंबाखूच्या ब्रँडचा प्रचार करायला सरळ बंदी आहे.

पैसे घ्यायचेच असतील तर मंडळाकडं काय पाहिजे?

१. मंडळाची धर्मादाय कार्यालयात नोंदणी आणि दरवर्षीचं ऑडिट.

२. आयकर खात्याची १२ए आणि ८०जी या नावानं ओळखली जाणारी नोंदणी.

३. कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सीएसआर-१ फॉर्म भरून मिळालेला नंबर. १ एप्रिल २०२१ पासून हा लागतो.

४. अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव, कागदावर दाखवता येईल असा.

५. मंडळाच्या बैठकीचा ठराव आणि कंपनीचं लेखी पत्र. पत्रात पैसे कशासाठी, किती, आणि बदल्यात काय, हे लिहिलेलं असावं.

पैसा बँकेतूनच घ्या. २ हजारांच्या वर रोख देणगी दिली तर देणाऱ्याला ८०जीची सूट मिळत नाही. रंगमंचाची जागा ग्रामपंचायतीची असेल तर कमान, फलक काहीही लावण्याआधी पंचायतीला विचारा.

बहुतेक गावमंडळांकडं यातला पहिला कागदच धड नसतो. आमचंही ऑडिट दोन वर्षांचं बाकी निघालं. अशा वेळी कंपनीचा माणूस "कागद राहू द्या, रोख घ्या" म्हणाला, तर समजून जा की तो देणगी देत नाही, जागा भाड्यानं घेतो आहे. उद्या तक्रार झाली तर फलकाखाली सही मंडळाच्या अध्यक्षाची असते.

कायद्यात बसतं म्हणजे घ्यायलाच पाहिजे का?

इथं कायदा संपतो आणि गाव सुरू होतं. दारूबंदीसाठी २०१० मध्ये याच जिल्ह्यातल्या बाया चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेल्या होत्या. त्यातल्या काहींच्या घरात दारूनं काय केलं हे आपल्याला माहीत आहे. आपल्या नाटकांतही बेवड्या नवऱ्याचा प्रवेश आला की बायांच्या बाजूनं हुंदके ऐकू येतात. तो प्रवेश ज्या छताखाली होणार ते छत कोणी दिलं, हा प्रश्न त्यांनी विचारला तर चुकलं काय?

पोरांचंही खोटं नाही. मागच्या हंगामात अवकाळी पाऊस आला, प्रयोग अर्ध्यात बंद पडला आणि तिकिटाचे पैसे परत द्यावे लागले.

शेवटी आमच्या मंडळानं ठराव केला. देणगी घेऊ, पण कुठंही नाव, रंग, चिन्ह नाही, आणि पैसा बँकेतून. तसं पत्र दिलं. त्याला दोन महिने झाले, तो माणूस फोन उचलत नाही.

आता घरटी एक पायली धान गोळा करणं सुरू आहे. यंदा अर्ध्या ओट्यावर टिन पडतील. बाकीच्या अर्ध्यासाठी ऑडिट पूर्ण करून दुसरीकडं अर्ज करणार आहोत. तुमच्या गावात असा कोणी आला, तर आधी हा मजकूर मंडळाच्या ग्रुपवर टाका आणि मगच हो म्हणा.